ती. नाना आणि आईस

सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलायला दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा "पोटभर जेवनी का वं?" एवढ्यावरच माझा गळा भरून आला. म्हणून लिहिते आहे. नाना, आईला मोठ्याने वाचून दाखवा. डोळ्याच्या ऑपरेशनला महिना झाल्याशिवाय तिला स्वतः वाचू देऊ नका.

मुख्याध्यापकाची पदोन्नती मी घेतली. शाळा निवडायच्या समुपदेशनाच्या दिवशी यादीत साक्रीजवळची जागा रिकामी होती. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळावं. ती जागा मी घेतली नाही. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याची शाळा घेतली आणि गेल्या सोमवारी हजरही झाले. तुमच्यापासून लांब जायचं म्हणून नाही घेतली, तेवढं मनातसुद्धा आणू नका. ह्यांना आधी विचारलं होतं. चिन्याच्या दहावीचं वर्ष आहे, तो आणि हे धुळ्यालाच राहतील. मी शनिवारी शाळा सुटली की निघते, अंधार पडायच्या आत धुळ्याला पोचते. महिन्यातला एक रविवार तुमचा, तो मी कधीच मोडणार नाही.

माझ्या राहण्याची काळजी नको. खोली पक्की आहे, वर पत्रा नाही, स्लॅब आहे. शेजारी अंगणवाडीच्या बाई राहतात, त्यांच्याकडे दूध मिळतं. गॅस आहे, नळ एक दिवसाआड येतो, दाराला आतून दोन कड्या आहेत. आई, तू दिलेली गोधडी पहिल्याच रात्री उपयोगी पडली. तिच्यात माझ्या शाळेच्या फ्रॉकचा निळा तुकडा आहे, तो नेमका उशाकडे येतो. किती वर्षं ती गोधडी अंगावर घेते आहे, पण या वेळी नीट पाहिली. लुगड्याचा काठ बाहेरून, नानांच्या धोतराचं मऊ कापड आतून, आणि विटकी चिंधी चांगल्या कापडाच्या शेजारी, म्हणजे ती विटकी वाटतच नाही. हे तुला कुणी शिकवलं गं?

नाना, तुम्ही विचाराल की जवळची सोडून लांबची शाळा कशाला. याचं कारण तुम्हीच आहात, असं म्हटलं तर रागवू नका.

मी चौथीत असेन. तुम्ही पाटकरी होता, पाटाचं पाणी शेताशेतात वाटायचं काम तुमचं. पाण्याची रात्रपाळी होती आणि मी हट्टाने तुमच्याबरोबर आले होते. कंदील बांधावर ठेवून तुम्ही चिखलात टाच रोवली, ती किती आत जाते ते पाहिलं, आणि मग फावड्याने मोड बांधून पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवलं. मला झोप येत होती, तरी घरी न जाता तुम्ही पाटाच्या पार शेवटापर्यंत चालत गेलात. "तोंडाशी पाणी असतंच, शेवटाला पोचलं का ते बघायचं," म्हणालात. पांझरेवरची ही फडाची पद्धत तीनेकशे वर्षांची, असं आता पुस्तकात शिकवतात. एका फडात, म्हणजे पाटाखालच्या शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी कमी पडलं तर सगळ्यांच्याच वाट्याला कमी. मला ती पुस्तकाआधी तुमच्या टाचेवरून कळली. दुष्काळाच्या वर्षी काकांनी जास्त पाणी मागितलं तेव्हा तुम्ही काय केलंत, तेही मी विसरले नाही. त्या दिवाळीला आपल्याकडे कोण आलं नाही, तेही.

पुण्यात आम्हाला नेतृत्वाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. चांगलं होतं, मी मन लावून लिहून घेतलं. पण शाळेत पहिल्या दिवशी वर्गात शिरले आणि पाय आपोआप मागच्या रांगेकडे वळले.

तिथे तिसरीतली एक मुलगी बसते. घरी पावरी बोलतात, शाळेत मराठी, त्यामुळे ती तीन दिवस एक अक्षर बोलली नव्हती. चौथ्या दिवशी मी तिच्यासमोर चिंचोके पसरून मोठ्याने मोजायला बसले आणि मुद्दाम एक गाळला. तिने माझ्याकडे पाहिलं. गाळलेला चिंचोका दोन बोटांनी उचलला, माझ्या ओंजळीत ठेवला आणि हळूच म्हणाली, "सात." त्या रात्री मी वहीत एवढंच लिहिलं: सात. तुमची पाण्याच्या पाळ्यांची लाल वही होती ना, तशीच एक मी घातली आहे. रोज निजण्याआधी एक ओळ, आज काय दिसलं त्याची.

आई, तुला वाटतं की या रानात माझी चित्रकला वाया जाईल. आपण चाळीसगावला केकी मूस यांच्या घरी गेलो होतो, आठवतं? जवळजवळ पन्नास वर्षं तो माणूस क्वचितच घराबाहेर पडला, आणि टेबलावर वस्तू मांडून फोटो काढत राहिला. तू तिथे म्हणाली होतीस, याला घरात इतकं दिसलं तरी काय. मी आता भिंतीवर मुलांकडून गेरूने चित्रं काढून घेते. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते, तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. तेवढी माझी पोच नाही, पण व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज गावातली एक बातमी लिहायची, असं ठरवलं आहे. परवाची बातमी कोंबडीची होती. मुलांनी ती पाच वेळा वाचली.

बरं, आता नीट ऐका. नाना, साखरेची गोळी जेवणाआधी. मागाहून आठवण झाली म्हणून दोन घेऊ नका. रात्री बंधाऱ्याकडे जायचं नाही, कुणी बोलवायला आलं तरी नाही. आईने महिनाभर चुलीसमोर बसायचं नाही, भाकरी वहिनी करेल. डोळ्यातला थेंब दिवसातून चार वेळा, हात धुऊन. बिबड्या या वर्षी कमी करा, आणि गच्चीवर तुम्ही दोघांनी चढायचं नाही. डॉक्टरांची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. भाऊ सुरतेहून येणारच आहे. पैशांवरून त्याला काही बोलू नका, त्याचंही अवघड चाललं आहे.

कडक बोलले असेन तर माफ करा. तुम्ही चिडलात तरी चालेल, पण अबोला धरू नका. मोटरीच्या वेळी धरला होतात तसा नको, तो मला सोसत नाही.

पुढच्या रविवारी येते आहे. कळण्याचं पीठ थोडं बांधून ठेवा. आणि नाना, मागच्या पडवीत टांगलेलं तुमचं फावडं मला हवं आहे. शाळेच्या परसबागेला चारी काढायची आहे. दांडा जुना झाला म्हणून बदलू नका, तोच राहू द्या.

तुमची
बेबी