रेबर्न सिनेटर नव्हते

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतील सॅम रेबर्न यांच्यावरचा लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो पहिल्या वाचनात डोळ्यांनी दगा दिला असावा या शंकेने. दगा डोळ्यांचा नव्हता. ज्या माणसाने १९१३ पासून १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंतची सगळी वर्षे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात काढली आणि त्यातली एकूण १७ वर्षे त्या सभागृहाचे अध्यक्षपद सांभाळले, त्याला आपल्या लेखकाने चार ठिकाणी ‘सिनेटर’, म्हणजे दुसऱ्याच सभागृहाचा सदस्य, केले आहे. एकदाच झाले असते तर मुद्रणदोष म्हणून सोडून दिले असते. त्यात छायाचित्र त्यांचे शिष्य आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन यांचे. शिष्याला गुरूच्या आसनावर बसवण्यात आपण काही औचित्य साधले असेलही, परंतु रेबर्न यांच्या डोक्यावर केस जवळजवळ नव्हतेच, एवढे तरी कुणी पाहायला हवे होते.

हेही सोसले असते. सोसवले नाही ते त्यांच्या प्रसिद्ध वचनाचे भाषांतर. सर्वांशी निभावून न्यायचे असेल तर सर्वांबरोबर चालायला शिका, असे ते नव्या सदस्यांना सांगत. आपल्या लेखात त्याचे ‘वारा वाहील तशी पाठ द्यावी’ झाले आहे, आणि तिथून पुढे रेबर्न म्हणजे कुणालाही न दुखावणारे, संध्याकाळी कॅपिटॉल या संसदभवनाच्या तळमजल्यावरील खोलीत मित्रांना मद्य पाजून कामे उरकणारे एक गोड गृहस्थ, याच सुरात लेख वाहत गेला आहे. ती खोली होती, मद्यही होते. १२ एप्रिल १९४५ रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट गेले त्या दिवशी, उपराष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना व्हाइट हाउसचे तातडीचे बोलावणे आले तेव्हा तेही तिथेच होते. पण त्या खोलीला गमतीने ‘शिक्षण मंडळ’ म्हणत ते उगाच नव्हे. कोण कुणीकडे झुकला आहे, कुणाला मतदारसंघाचा धाक आहे, कुणाचा शब्द भरवशाचा आहे, याची शिकवणी तिथे चाले.

१२ ऑगस्ट १९४१ चा लेखात एका ओळीचाही उल्लेख नाही, ही तर कमालच झाली. आधीच्या वर्षी सक्तीने भरती केलेल्या जवानांची १२ महिन्यांची मुदत आणखी १८ महिन्यांनी वाढवायची की त्यांना घरी पाठवायचे, असा प्रश्न होता. स्वपक्षातलेही कितीतरी जण मुदतवाढीविरुद्ध होते आणि रेबर्न एकेकाला गाठून मत मागत फिरले होते. मोजणी झाली, २०३ विरुद्ध २०२. विरोधकांनी मतांची पडताळणी मागितली तेव्हा रेबर्न यांनी आधी निकाल जाहीर केला आणि मगच ती मागणी मान्य केली, कारण निकाल एकदा जाहीर झाला की नोंद बरोबर आहे का एवढेच पाहता येते, मत फिरवता येत नाही. आकडे तेच निघाले, आणि पुनर्विचाराचा प्रस्तावही त्याच दमात निकालात काढून ते मोकळे झाले. समोरचे बाक खवळले. त्यांचे खवळणे अगदीच अनाठायी होते असे मी म्हणणार नाही. मात्र चार महिन्यांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ते जवान सैन्यातच होते.

एका मताचे मोल मला पुस्तकातून कळलेले नाही. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा अध्यक्ष असताना पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा ठराव वार्षिक सभेत १९ विरुद्ध १८ मतांनी संमत झाला. इतिवृत्तात आकडा लिहिला जाणार तोच मागच्या रांगेतील एक सभासद उठून म्हणाले की त्यांचा हात चुकून वर गेला होता, आणि मी भिडेखातर सर्वांना पुन्हा हात वर करायला लावले. तोवर ठरावाच्या बाजूचे दोघे चहा पिऊन घरी गेले होते. ठराव पडला. पुढची तीन वर्षे आम्ही टँकर मागवले, आणि तेच सभासद मला जिन्यात अडवून ‘अध्यक्षसाहेब, पाण्याचं तेवढं बघा’ म्हणत राहिले. नंतर लेकीकडे डॅलसला गेलो असताना मी हट्टाने बॉनहॅमला, रेबर्न यांच्या गावी गेलो. तेथील त्यांच्या ग्रंथालयात कॅपिटॉलमधील त्यांच्या दालनाची प्रतिकृती आहे. तिच्यासमोर मला आमची टाकी आठवून हसू आले, ते का हे जावयांना शेवटपर्यंत कळले नाही.

रूल्स कमिटीचा परिच्छेद त्यातल्या त्यात बरा आहे, पण त्यात लढाईचे कारण गाळून नुसता विजय छापला आहे. कोणते विधेयक सभागृहापुढे जावे हे ठरवणाऱ्या त्या १२ जणांच्या समितीत अध्यक्ष हॉवर्ड स्मिथ आणि मिसिसिपीचे कोल्मर हे रेबर्न यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे दोघे चार रिपब्लिकनांना जाऊन मिळत, सहा विरुद्ध सहा होई आणि विधेयक तिथेच कुजत पडे. १९५७ मध्ये नागरी हक्कांचे विधेयक समोर असताना स्मिथ हे कोठार जळाल्याचे कारण सांगून शेतावर निघून गेले होते, म्हणजे अध्यक्षावाचून समितीचे काम अडून राहावे. रेबर्न यांनी हे वर्षानुवर्षे चालू दिले; १९४८ मध्ये त्यांनी स्वतः ट्रुमन यांच्या नागरी हक्कांच्या कार्यक्रमाला विरोध केला होता, तेव्हा त्यांना संत ठरवण्याचेही कारण नाही. पण १९६१ च्या जानेवारीत, वयाची ७९ वर्षे पूर्ण झालेली असताना, नवे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा कार्यक्रम त्याच समितीत अडकणार हे ओळखून त्यांनी समिती १५ जणांची करण्याचा प्रस्ताव आणला, मते जुळेनात तेव्हा मतदान काही दिवस पुढे ढकलले, आणि ३१ तारखेला आसनावरून खाली उतरून स्वतः बोलले. २१७ विरुद्ध २१२. वाऱ्याला पाठ देणे ते हेच काय?

जाता जाता, गेले तीन रविवार शब्दकोड्याचे उत्तर छापलेले नाही, तेही पाहावे. छायाचित्राची दुरुस्ती त्या कोड्याखाली बारीक अक्षरांत उरकू नये. आणि माझे पत्र नेहमीप्रमाणे अर्ध्यावर कापायचे ठरल्यास टाकीचा मजकूर खुशाल कापावा, मतांचे आकडे तेवढे ठेवावेत.

आपला,
एक निवृत्त वाचक, पुणे