चार किलर व्हेल आणि ओस पडलेलं समुद्री रान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या बालपुरवणीत समुद्रातल्या अन्नसाखळीचं चित्र आलं होतं. तळाला प्लवक, त्यावर छोटा मासा, मग मोठा मासा, मग सील आणि शिडीच्या टोकावर जबडा वासलेला किलर व्हेल. नातीने ते कापून भिंतीवर लावलंय. चित्र झकास आहे, पण दोन-तीन गोष्टी खटकल्या.

खाली लिहिलेला 'महाकाय मासा' हा शब्द चुकीचा आहे. किलर व्हेल सस्तन प्राणी आहे, डॉल्फिनच्या कुळातला सगळ्यात मोठा. असो, ही किरकोळ बाब.

टोकावरचा प्राणी नुसता खात बसतो, खालच्या पायऱ्यांना त्याचं काही देणंघेणं नाही, असं चित्र बघून वाटतं. माझा करवीर तालुक्यात ऊस आहे. उंदीर खाणारी धामण म्हशीचं दूध पिते, या खोट्या समजुतीपायी आमच्याकडे ती दिसली की ठेचायची रीत (अजून पुरती गेलेली नाही). मग उंदीर उसाची कांडी कुरतडून ठेवत आणि आम्ही औषध आणायला दुकानात! धामणीचा न् उसाचा काही संबंध असेल, हे आमच्या डोक्यातच येत नसे.

अलास्काच्या अल्यूशियन बेटांत हेच फार मोठ्या मापात घडलं. तिथली समुद्री पाणमांजरं सी अर्चिन नावाचे काटेरी गोळे खातात. हे गोळे केल्प, म्हणजे पाण्याखाली उंचच उंच वाढणारं शेवाळ, फस्त करतात. माणसाने कातड्यासाठी ही पाणमांजरं जवळजवळ संपवली होती. त्यांची शिकार रोखणाऱ्या १९११ च्या करारानंतर ती पुन्हा वाढली आणि १९९० च्या दशकात अचानक झपाट्याने घटली. शास्त्रज्ञ जेम्स एस्टिस आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात कारण मांडलं, की किलर व्हेल पाणमांजरं खाऊ लागले आहेत. नुसत्या पाणमांजरांवर जगणारे चारेक किलर व्हेल असले तरी एवढी घट होऊ शकते, असा त्यांचा हिशेब. चार! इकडे काटेरी गोळे माजले आणि केल्पची रानं उजाड झाली. किलर व्हेलने केल्पला तोंडही लावलं नव्हतं. ते पाणमांजरांकडे का वळले? नेहमीचे सील आणि सी लायन कमी झाले म्हणून, असं एक मत आहे. शास्त्रज्ञांचा त्यावर वाद चालू आहे.

शिवाय सगळेच किलर व्हेल सील खात नाहीत. अमेरिका-कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर एक समाज सील खातो, तर त्याच पाण्यातला दुसरा मासेच खातो, त्यातही मुख्यतः चिनूक सामन. पांढरा रस्सा नसेल तर ताटावरून उठणारे पाहुणे आमच्या कोल्हापुरातही आहेत, पण उपाशी मरायची पाळी आली तर तेही वरण-भात खातील. या मंडळींचं तसं नाही. चिनूक घटला, तरी शेजारून पोहत जाणारा सील ते खात नाहीत. त्यांच्यातल्या दक्षिणेकडच्या गटात आता पाऊणशेच्या आसपासच उरलेत.

तेव्हा पुढच्या वेळी शिडीऐवजी जाळं काढा आणि काही बाण वरून खालीही येऊ द्यात. नातीने तोवर आपल्या चित्रात पेनाने पाणमांजर घातलंय. ते हुबेहूब उंदरासारखं दिसतं.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर