लातूरच्या गच्चीचा दाखला देऊन गुहागरच्या अंगणात बसवलेल्या कॉम्पोझिट डेकिंगबद्दल तक्रार

दिनांक : १८ ऑक्टोबर २०२५
लातूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
(स्पीड पोस्टाने व ईमेलने)

विषय : समुद्रकिनाऱ्यासाठी म्हणून विकलेलं डेकिंग पहिल्याच पावसाळ्यात निकामी झाल्याबद्दल, आणि ते बदलून मिळण्याबद्दल.

महोदय,

आपल्या कंपनीचं कॉम्पोझिट डेकिंग, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्यांची जमीन, आम्ही लातूरच्या विक्रेत्याकडून घेतलं. गुहागरजवळच्या घराच्या समुद्राकडच्या अंगणात आपल्याच कारागिरांनी ते १० ते १३ जानेवारी २०२५ या चार दिवसांत बसवलं. जागा ४२ चौरस मीटर, फळ्या १०४, बिल मजुरीसह १ लाख ७८ हजार रुपये. मे महिन्यात फळ्यांची तोंडं वर उचलली. जुलैत कडा फुगल्या. ऑगस्टमध्ये फळ्या धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या क्लिपांवर तांबूस डाग आले आणि आता तीन ठिकाणी पाय दिला की फळी खाली दबते. फोनवर आपल्या ग्राहक सेवेने सांगितलं, ‘हे हवामानामुळे होतं, वॉरंटीत बसत नाही.’ माल त्याच हवामानासाठी म्हणून विकला होता, त्यामुळे हे उत्तर आम्हाला मान्य नाही.

जागा कुठे आहे हे आम्ही लपवलेलं नव्हतं. ऑर्डरच्या कागदावर ‘गुहागर, समुद्रापासून सुमारे २५० मीटर’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी आपल्या प्रतिनिधीने भरवसा देताना दाखवली ती लातूरमधली एक गच्ची. ‘इथं ५ वर्षं झाली, काही झालं नाही, मग तिथं काय होणार?’ असं त्याचं म्हणणं होतं. आमच्या मते या तक्रारीचं मूळ इथंच आहे. लातुरात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही मधे मधे उघडीप देतो. भिजलेली फळी दोन दिवसांत खडखडीत वाळते. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनमध्ये भिजलेली वस्तू नीट वाळायला ऑक्टोबर उजाडतो, आणि हवेत बाराही महिने मीठ असतं. लातूरच्या गच्चीवर टिकलेली फळी ऊन सोसते, एवढंच त्या दाखल्यातून कळतं. महिनोन्महिने ओल आणि वर मीठ, ही परीक्षा तिची तिथं होतच नाही.

आता मालाबद्दल. लाकूडमिश्र फळीत साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त भाग लाकडाचा भुसा असतो, उरलेलं पॉलिथिनसारखं प्लास्टिक, रंग आणि इतर मिश्रणं. प्लास्टिक पाणी पीत नाही, भुसा पितो. म्हणूनच दमट हवेच्या ठिकाणी फळीवर चारही बाजूंनी प्लास्टिकचं अखंड कवच लागतं. बिलात आपण ‘कॅप्ड’, म्हणजे कवच असलेली, असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात फळी उलटी केली की कवच वरच्या अंगाला आणि दोन कडांनाच दिसतं, खालचा भाग उघडा आहे. अंगणात ओल खालूनच येते. जिथं कवच हवं होतं तिथंच ते नाही.

ही फळी किती पाणी पिते ते आम्ही मोजलं. उरलेल्या फळीचा १० सेंटिमीटरचा तुकडा सराफाच्या काट्यावर ठेवला, वजन २३१.४ ग्रॅम. २४ तास पाण्यात बुडवून, पुसून परत ठेवला, २३८.८ ग्रॅम. म्हणजे ३.२ टक्के वाढ. सात दिवसांनी २४७ ग्रॅम, म्हणजे जवळपास ६.७ टक्के. आपल्या माहितीपत्रकात ‘१ टक्क्याहून कमी’ असं छापलं आहे. कापलेल्या तुकड्याची तोंडं उघडी असतात म्हणून पाणी जास्त शिरलं, असं आपण म्हणाल. बरोबर आहे, पण डेकवर प्रत्येक रांगेत कापलेली तोंडं असतातच. कंपनीच्या प्रयोगशाळेत फळी कशी वागते यापेक्षा करवत लागल्यावर ती कशी वागते, हे ग्राहकाला कळायला हवं.

आमच्या फळ्या आतून पोकळ आहेत, हा दुसरा दोष. पोकळ फळी हलकी आणि स्वस्त पडते, बंदिस्त बाल्कनीत चालूनही जाते. पण तिच्या तोंडांना एंड कॅप, म्हणजे टोपण, चिकटद्रव्याने पक्की बसवावी लागते. आपल्या कारागिरांनी कॅप नुसत्या हाताने दाबून बसवल्या. पहिल्याच वळिवात अकरा कॅप निघून पडल्या. त्यानंतर चार महिने पाणी फळीच्या पोकळीत साचत राहिलं. व्हर्नियरने (जाडी मोजायच्या बारीक मापाने) मोजलं तर फळीच्या मध्यावर जाडी २३ मिलिमीटर आणि तोंडाशी २४.३. वरून फळी धडधाकट दिसते. पावसात उघडी राहिलेली कडब्याची गंजी जशी वरून वाळलेली आणि आत काळी पडलेली निघते, तसंच इथं झालं आहे.

उन्हाचा हिशेबही चुकला आहे. लाकूडमिश्र फळी लांबीत दर मीटरला, तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.०४ मिलिमीटर वाढते. आपल्या पत्रकात हा आकडाच दिलेला नाही. फळ्या बसवल्या जानेवारीत सकाळी, हवा २० अंशांच्या आसपास. मे महिन्यात दुपारी १ वाजता हवा ३४ अंश असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं, तर गडद तपकिरी फळीचा माथा ६३ अंश आणि खालची बाजू ४६. सरासरी धरली तर फळी ३५ अंशांनी तापली. २.९ मीटर लांबीला ही वाढ ४ मिलिमीटर होते. फळी मध्यावर पक्की धरली आणि तोंडं सरकायला मोकळी ठेवली, तर दोन फळ्यांच्या सांध्यात निदान ४ मिलिमीटर जागा लागणार. थंड सकाळी बसवताना ५ ते ६ ठेवायलाच हवी होती. कारागिरांनी ठेवली २, कारण ‘गॅप दिसली की मालकाला आवडत नाही’. भिंतीशी १० मिलिमीटर हवी होती, तिथं फळी प्लास्टरला टेकलेली आहे. जायला जागा नाही म्हणून फळ्या एकमेकींना भिडून वर आल्या. भर म्हणून माथा जास्त तापून जास्त ताणतो, त्यामुळे फळीला मधे फुगवटाही येतो. फिकट रंगाची फळी घेतली असती तर तापमान बरंच कमी राहिलं असतं आणि दुपारी अनवाणी पाय ठेवता आला असता. रंग निवडताना हे कुणी सांगितलं नाही. कॅटलॉगमध्ये गडद रंगालाच ‘प्रीमियम’ म्हटलं आहे.

खालच्या सांगाड्याची चूक तर आपल्याच बिलातून सिद्ध होते. पुस्तिकेत घरगुती वापरासाठी फळ्यांखालच्या आधाराच्या पाइपांमधलं अंतर ४०० मिलिमीटर दिलं आहे. ४२ चौरस मीटरला ४०० अंतराने नुसत्या रांगांचाच पाइप १०५ मीटर होतो, कडेचा आणि सांध्याखालचा दुहेरी पाइप वेगळा. बिलात पाइप आहे सगळा मिळून ९६ मीटर. टेपने मोजलं तर अंतर ४५० भरलं. पोकळ फळी, उन्हाने मऊ पडलेली, आणि आधार लांब लांब. मग ती दबणारच. उष्ण ठिकाणी ३०० मिलिमीटर धरावं, म्हणजे १४० मीटर पाइप. शिवाय दोन फळ्यांची तोंडं जिथं भेटतात तिथं दोन स्वतंत्र पाइप आणि दोन स्वतंत्र क्लिपा लागतात. आपल्या माणसांनी दोन्ही तोंडं एकाच ४० मिलिमीटर रुंदीच्या पाइपावर, एकाच क्लिपेखाली दाबली.

पाइप काँक्रीटवर सपाट टेकवले आहेत आणि तेही ढाळाला आडवे. अंगणाचा ढाळ समुद्राकडे आहे. प्रत्येक पाइप त्या पाण्याला बांध घालतो, आणि दोन पाइपांच्या मधल्या प्रत्येक खणात पाणी तुंबतं. दर अर्ध्या मीटरवर रबरी पॅड किंवा प्लास्टिकचे पाये दिले असते तर पाणी खालून निघून गेलं असतं आणि वाराही खेळला असता. उलट कडेला शोभेची पट्टी चारही बाजूंनी गच्च बंद केली आहे. फळ्यांच्या खालच्या अंगावर काळी बुरशी आली ती यामुळे. बुरशीला हवा असतो ओला भुसा आणि कोंदट हवा, दोन्ही आपण पुरवलं.

लोखंडाबद्दल मात्र आम्हाला फसवलं गेल्यासारखं वाटतं. बिलात ‘एसएस ३०४ क्लिप’, म्हणजे ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा, असं लिहिलं आहे. फॅब्रिकेटर वापरतात तो तपासणीचा द्रव आणि ९ व्होल्टची बॅटरी लावून आम्ही बारा क्लिपा तपासल्या, नऊ क्लिपांवर थेंब लाल झाला. लाल म्हणजे मँगनीज जास्त, म्हणजे २०२ सारखा हलका ग्रेड. चुंबक लावून हे कळत नाही, कारण २०२ लाही चुंबक धरत नाही. म्हणूनच दुकानातली चुंबकाची चाचणी निरुपयोगी आहे. स्क्रूला मात्र चुंबक कडकन चिकटला, म्हणजे तेही ३०४ नाहीत. खरं तर किनाऱ्यावर ३०४ सुद्धा पुरत नाही, त्यावर चहाच्या डागासारखा गंज चढतो. तिथं ३१६ लागतं. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठामुळे पडणारे खड्डे ते रोखतं. ४२ चौरस मीटरला क्लिपा लागतात साधारण ८००. किमतीतल्या एवढ्याशा फरकासाठी अख्खा डेक उचकटायची वेळ आणली. जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपाच्या कापलेल्या तोंडांना आणि स्क्रूच्या भोकांना झिंकचा रंगही लावलेला नाही. जस्ताचा थर तिथंच तुटतो आणि गंज तिथूनच आत शिरतो.

बुरशीबद्दल फोन केला तेव्हा आपल्या कर्मचाऱ्याने फरशी धुण्याचं ॲसिड पातळ करून टाकायला सांगितलं. हा सल्ला कृपया ताबडतोब थांबवा. ते ॲसिड जस्ताचा थर खातं आणि स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडतं. असा डेक साबणाच्या पाण्याने, मऊ ब्रशने, फळीच्या रेषांच्या दिशेने घासायचा असतो. वर भरपूर गोडं पाणी ओतून मीठ धुवायचं असतं. आम्ही ॲसिड वापरलेलं नाही, हे नोंदवून ठेवावं.

या जागेसाठी आपण सुचवायला हवी होती ती भरीव फळी, चारही बाजूंनी कवच असलेली, फिकट रंगाची. खाली ॲल्युमिनियमचा किंवा तयार करून झाल्यावर गरम जस्तात बुडवलेला सांगाडा, आणि क्लिपा-स्क्रू ३१६ चे. ॲल्युमिनियम घेतल्यास स्टीलच्या क्लिपेखाली नायलॉनची चकती, नाहीतर खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आपल्या प्रतिनिधीने आता फोनवर लाकूड नसलेली पीव्हीसीची फळी सुचवली आहे. ती पाणी पीत नाही हे खरं, पण उन्हात लाकूडमिश्र फळीपेक्षा जास्त वाढते. तेव्हा तीच माणसं तोच २ मिलिमीटरचा गॅप ठेवणार असतील तर फळी बदलून काही साधणार नाही.

आमची मागणी अशी. सगळा डेक आपल्या खर्चाने उचलून वर लिहिल्याप्रमाणे माल बसवून द्यावा, किंवा १ लाख ७८ हजार रुपये परत करून जुना माल घेऊन जावा. बदलून देणार असाल तर आधी नव्या फळीचा प्रसरणाचा आकडा, तापमानानुसार ठेवायच्या गॅपचा तक्ता आणि एएसटीएम डी ७०३२ (अमेरिकी) किंवा ईएन १५५३४ (युरोपीय) या लाकूडमिश्र फळ्यांच्या मानकाप्रमाणे केलेल्या चाचणीचा अहवाल लॉट नंबरसह लेखी पाठवा. काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच व्हावं, कारण काँक्रीट पूर्ण वाळल्याशिवाय सांगाडा टाकू देणार नाही. आणि माहितीपत्रकातलं ‘समुद्रकिनाऱ्यासाठी योग्य’ हे वाक्य या पोकळ, तीनच बाजूंना कवच असलेल्या फळीवरून काढून टाका. मराठवाड्यातून कोकणात घर बांधणारे बरेच आहेत. त्यांना ओल आणि मीठ घरी बघायला मिळत नाही, ते कॅटलॉगवर विसंबून असतात.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्यासाठी एक अख्खी फळी, बारा क्लिपा आणि वीस स्क्रू सीलबंद करून लातूरला ठेवले आहेत. बिल, ऑर्डरचा कागद आणि फोटो सोबत जोडले आहेत.

पाहणीला माणूस पाठवाल तेव्हा त्याच्याकडे व्हर्नियर, टेप आणि स्टील तपासायचा द्रव असावा. समुद्राकडून तिसरी रांग त्याने आधी उघडावी. फुगलेलं तोंड, एकाच पाइपावर टेकलेला सांधा, गंजलेली क्लिप आणि खाली तुंबलेलं पाणी, सगळं त्या एका रांगेत आहे.

आपले ग्राहक,
लातूर