पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

येशू मेलेल्यांतून उठला त्याचा सण म्हणजे ईस्टर. तो आला की मराठी वर्तमानपत्रांत कुठे ना कुठे ‘येशूचा पुनर्जन्म’ असे छापून येते. पुनर्जन्मात आत्मा जुना देह टाकून नवा धारण करतो. ख्रिस्ती श्रद्धेत जन्म एकच, आणि जो मेला तोच उठतो. मूळ ग्रीक शब्द ‘अनास्तासिस’, म्हणजे उठून उभे राहणे. ‘पुनरुत्थान’ हा त्याला इतका नेमका मराठी शब्द असताना दुसरा शोधण्याची गरजच नाही. ‘आत्मा अमर आहे’ एवढ्यानेही हा अर्थ पुरा होत नाही; प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत, शब्द आहेत ते ‘देहाचे पुनरुत्थान’ असे.

दुसरी गल्लत म्हणजे येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजराचे उठणे आणि येशूचे पुनरुत्थान एकच समजणे. लाजर चार दिवस कबरेत होता. बाहेर आला तेव्हा हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले होते, ते इतरांना सोडावे लागले. तो याच आयुष्यात परतला, म्हणजे त्याला पुढे पुन्हा मरण होतेच. येशूच्या कबरेत मात्र तागाची वस्त्रे तिथेच पडलेली होती आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता (योहानाचे शुभवर्तमान, अध्याय 20). उठलेला येशू हातांवरचे वण दाखवतो, भाजलेल्या माशाचा तुकडा खातो, आणि दारे बंद असताना आतही येतो. देह तोच, पण मरणाच्या सत्तेबाहेर गेलेला. प्रेषित पौलाने यासाठी बियाण्याचा दाखला दिला आहे (करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 15). निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही : पेरला तो गव्हाचा दाणा, वर आले ते रोप, दिसायला निराळे, तरी त्याच दाण्याचे.

‘जीवन’ हा शब्दही नीट वाचायला हवा. लाजराची बहीण मार्था म्हणते, माझा भाऊ शेवटल्या दिवशी उठेल हे मला ठाऊक आहे. त्यावर येशूचे उत्तर वर्तमानकाळात आहे : ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे.’ योहान इथे जीवनासाठी ‘झोए’ हा ग्रीक शब्द योजतो. सार्वकालिक जीवन हे मेल्यानंतर मिळणारे वाढीव आयुष्य आहे, असा समज चर्चमध्ये बसणाऱ्यांतही आढळतो. योहानाच्या पाचव्या अध्यायात मात्र विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात ‘गेला आहे’ असे म्हटले आहे. ते आजच सुरू झाले आहे.

रामकुंडावर रोज अस्थिविसर्जन पाहणाऱ्या नाशिककरांना एक प्रश्न पडतो : ख्रिस्ती लोक पुरतात ते उठण्यासाठी देह शाबूत लागतो म्हणून का? तसे नाही. जाळून मारलेल्या हुतात्म्यांविषयीही चर्चची आशा तीच आहे. कॅथलिक चर्चने 1963 मध्ये दहनाला परवानगी दिली. रक्षा मात्र पाण्यात किंवा वाऱ्यावर न सोडता पवित्र जागी ठेवावी, असे व्हॅटिकनच्या 2016 च्या सूचनेत म्हटले आहे. दफन येशूच्या दफनाच्या अनुकरणाने होते आणि देहाचा मान राखते.

बातमीदारांसाठी थोडे. येशू ‘तिसऱ्या दिवशी’ उठला, हे शुक्रवार, शनिवार, रविवार असे दोन्ही टोके धरून मोजलेले आहे. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हा येशूच्या मरणाचा दिवस. त्या दिवशी ‘हार्दिक शुभेच्छा’ छापू नयेत. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान येतो. पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली असते, त्यामुळे आपल्या पंचांगाशी कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाचा फोटो छापताना ओळीत नुसते ‘मेणबत्ती पेटवताना भाविक’ असे लिहू नये. ती पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती. तिच्यावर क्रूस, अल्फा व ओमेगा ही पहिले व शेवटचे ग्रीक अक्षरे आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरतात. धुपाचे पाच दाणे खोचतात, ते येशूच्या पाच जखमांचे. नव्या विस्तवावरून ती पेटते. पुढे वर्षभर चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी तीच लावतात, आणि अंत्यविधीच्या वेळी शवपेटीजवळही तीच.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक
शरणपूर रोड, नाशिक