बायपॅपची मेख मास्कमध्ये

महोदय,
सीओपीडी या श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या दीर्घ आजाराचा जुना रुग्ण धाप लागून रुग्णालयात आला की नातेवाइकांची पहिली मागणी असते ऑक्सिजन वाढवण्याची. अशा रुग्णाला ८८ ते ९२ टक्के सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण) पुरते. त्याहून वर नेले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून तो गुंगीत जाऊ शकतो. धमनीच्या रक्ततपासणीत पीएच (रक्ताची आम्लता वाढली की घटणारा आकडा) ७.३५च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ मिमी पाऱ्याच्या वर असेल, तर बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, लावावे. श्वास घेतानाचा दाब १०-१२ सेंमी पाण्यापासून सुरू करून सोसेल तसा २०पर्यंत, सोडतानाचा ४-५.

पण मास्कचे पट्टे करकचून आवळले की नाकाच्या हाडावर जखम होते, सैल राहिले की हवा डोळ्यांत जाते. एका नळीच्या यंत्राला बिनछिद्राचा मास्क जोडला आणि नळीतही हवा बाहेर पडायला वाट नसली, तर सोडलेलाच श्वास रुग्ण पुन्हा घेतो! तासा-दोन तासांनी रक्ततपासणी पुन्हा हवीच. पीएच सुधारत नसेल, शुद्ध हरपत असेल, तर घशात नळी घालायला उशीर नको. मास्क ओढतो म्हणून हात बांधणे तर अघोरीच. उलटी झाली तर रुग्णाला मास्क काढता यायला हवा.

– एक वाचक, सातारा