मागणीवही वाचणाऱ्या ग्रंथपाल ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्र उघडं लिहिते आहे, कारण दुसरा मार्ग तुम्ही ठेवला नाहीत. वार्षिक सभेत तुमच्या सत्काराचा विषय निघाला, तेव्हा तुम्ही उभ्या राहून म्हणालात, ‘शालीचे पैसे बालविभागाच्या पंख्यात घाला.’ पंखा आला, छान फिरतोय. पण आभार राहून गेले. चार लोकांसमोर बोलायला उभी राहिले की माझा आवाज बसतो, म्हणून कागदावर मांडते. आपल्या वाचनालयाचे इतर सभासदही हे वाचतील, आणि त्यांतल्या काहींना तरी कळेल की खिडकीपलीकडे बसलेली बाई दिवसभर फक्त शिक्के मारत नसते.

मी बाजारपेठेत ब्लाऊज शिवते. मुलाला बालविभागात नाव घालायला आणलं तेव्हा वाचनालयाची पायरी पहिल्यांदा चढले. तोवर मला वाटायचं, वाचनालय म्हणजे निवृत्त गुरुजी, वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या. तुम्ही पावती फाडत होता आणि माझी नजर टेबलाच्या कडेला सुतळीने बांधलेल्या वहीवर गेली. वर लिहिलं होतं ‘मागणीवही’. मी विचारलं, ‘यात कुणीही लिहायचं का?’ तुम्ही म्हणालात, ‘सभासदाने लिहायचं. तुम्ही आत्ता झालात की सभासद, मुलाचं कार्ड तुमच्याच नावावर आहे.’ आणि पेन पुढे केलंत.

मी लिहिलं: शिवणकामाचं पुस्तक, मराठीत, मापांचे तक्ते असलेलं. लिहून झाल्यावर वरच्या नोंदी वाचल्या. सगळ्या कादंबऱ्या, चरित्रं आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. आपलं खोडून टाकावं असं वाटलं, पण पेन तुम्ही परत घेतलं होतं.

ते पुस्तक लगेच आलं नाही, आणि बरंच झालं. उशीर का होतो हे त्यामुळे मला कळलं. पुस्तकांची खरेदी ग्रंथनिवड समितीपुढे जाते. यादी होते, विक्रेत्याकडून सवलतीचे दर येतात, अनुदानाचा हप्ता जमा झाला की ऑर्डर जाते. पुस्तकं आली की बिलाशी ताळा, दाखल नोंदवहीत क्रमांक, आतल्या पानावर आणि एका ठरावीक पानावर गोल शिक्का, मग वर्गांक, मग कपाट. समितीत कुणीतरी म्हणालं होतं म्हणे, ‘शिवणाचं पुस्तक वाचनालयात कशाला? क्लासला जा म्हणावं.’ हे मला तुमच्याकडून नाही, त्या समितीतल्याच एका काकांकडून कळलं. त्यांनीच सांगितलं की तुम्ही ग्रंथालयशास्त्राचे जाणकार डॉ. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतलं दुसरं सूत्र म्हणून दाखवलंत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, आणि विचारलंत, ‘या बाईंची वर्गणी आपण कुठल्या ग्रंथासाठी घेतली?’ पुढे कुणी बोललं नाही.

ताई, ते पुस्तक माझ्या किती कामाला आलं ते इथे नीट लिहायलाच हवं, कारण ‘उपयोग झाला’ एवढं लिहून भागत नाही. मी शिवण माझ्या आत्याकडून शिकले. आत्याचं सगळं नजरेचं गणित. समोर बाई उभी राहिली की आत्या कात्री लावायची. मला ती नजर नाही. मी जुन्या ब्लाऊजवरून माप उतरवायचे, म्हणजे जुन्या ब्लाऊजचा दोष नव्यातही जायचा. छातीच्या मापावरून मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतो त्या भागाची, खोली कशी काढायची, खांदा उतरता असेल तर तिथे किती दाबायचं, कटोरीचे दोन तुकडे कागदावर आधी कसे आखायचे, हे मला त्या पुस्तकाने दाखवलं. गळ्याची पट्टी उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या धाग्यावर, कापायची हे मला माहीत होतं. पण ती उरेबच का, सरळ धाग्याची पट्टी वळणावर का ताणत नाही आणि चुण्या का पडतात, हे चित्र बघितल्यावर डोक्यात शिरलं. खाकी कागदावर तक्ते काढून मी ते दुकानाच्या भिंतीला चिकटवले. आता गिऱ्हाईक ‘हातात घट्ट होतंय’ म्हणालं की चूक कुठे झाली ते मला बोट ठेवून दाखवता येतं. परत उसवायला येणारे ब्लाऊज फार कमी झाले, आणि आमच्या धंद्यात उसवण म्हणजे सरळ नुकसान.

पुस्तक परत करायला आले तेव्हा तुम्ही मला ते कपाट दाखवलंत. बाकीची भिंतभर कपाटं ८९१.४६ या वर्गांकाची, म्हणजे मराठी साहित्य. आणि कोपऱ्यात, अगदी खालच्या फळीवर, ६४० च्या घरातली मूठभर पुस्तकं: ६४१ मध्ये स्वयंपाक, ६४६ मध्ये शिवण. ती घ्यायची तर जमिनीवर बसावं लागायचं. तुम्ही म्हणालात, ‘ही पुस्तकं कुणी नेत नाही म्हणून खाली गेली, आणि खाली गेली म्हणून कुणी नेत नाही.’ पुढच्या आठवड्यात आले तर ती डोळ्यांच्या उंचीला आली होती. शेजारी ६३६, शेळ्या आणि कोंबड्या. त्यासाठी कुठल्या थोर कादंबरीकारांना वरच्या फळीवर जावं लागलं, ते मी बघितलंय. त्यांची हरकत नसावी.

खरी गोष्ट मात्र बाजाराच्या दिवसाची. आपलं वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडं असतं, दुपारी बंद. वर्षानुवर्षं असंच. आता आपल्या तालुक्याचा हिशोब बघा: आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका आठवडी बाजाराला येतात, दुपारपर्यंत त्यांची खरेदी उरकते आणि एसटी चार वाजता. मधला वेळ त्या कुठे बसतात? स्टँडवर, नाहीतर माझ्या दुकानाच्या पायरीवर. सकाळी त्यांना भाजी विकायची असते, संध्याकाळी त्या घरी चुलीपुढे. म्हणजे वाचनालय ज्या वेळी उघडं, त्या वेळी या बायका येऊच शकत नाहीत. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी त्या पायरीवर रोज बसणारी, माझ्याही आलं नव्हतं. तुमच्या आलं, कारण ब्लाऊज टाकायला आलात आणि तिथल्या बायकांशी गप्पा मारत बसलात.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी दुपारी वाचनालय उघडं राहू लागलं. वेळ बदलायला ठराव लागला, आणि शिपायाची दुपारची सुट्टी जाणार म्हणून तुम्ही स्वतः कुलूप उघडायला यायला लागलात. पहिले काही आठवडे बायका फक्त पंख्याखाली बसायला आणि प्यायचं पाणी घ्यायला यायच्या. तुम्ही कुणाला ‘काय वाचणार?’ म्हणून विचारलं नाहीत. टेबलावर दिवाळी अंक पसरून ठेवलेत, बस्स. मे महिन्यात दिवाळी अंक! पण अंक शिळा होत नाही हे तुमचं म्हणणं खरं निघालं. आधी पाककृती आणि राशीभविष्य, मग कथा. एका मावशींना अक्षर नीट लागत नाही, म्हणून दुसरी मोठ्याने वाचायला लागली, आणि तिथून ती मंडळी जमली जिला आता सगळे ‘बाजारवाल्यांचं वाचन’ म्हणतात. मला त्या वाचनात सगळ्यात आवडतं ते हे की कथा मध्येच थांबवून भांडण होतं. ‘ती नवऱ्याला सोडून का गेली नाही?’ यावर मागे इतका वाद झाला की दोघींची एसटी चुकली.

मागणीवहीत आता वेगळी अक्षरं दिसतात. शेळीच्या आजारांवर पुस्तक. वारसा हक्काचं, सोप्या भाषेत. बचत गटाचे हिशोब कसे लिहावेत. आणि माझ्या मते या वहीतला सगळ्यात चांगला रकाना म्हणजे शेवटचा, ‘शेरा’. तिथे तुम्ही प्रत्येक नोंदीसमोर काहीतरी लिहिता. ‘मागवले.’ ‘जिल्हा ग्रंथालयात आहे, पुढच्या फेरीत आणते.’ ‘आवृत्ती संपली, जुन्या पुस्तकांच्या बाजारात बघते.’ आणि कधीकधी ‘घेता येणार नाही, किंमत फार, निधी नाही.’ नकारसुद्धा कारणासकट आणि तारखेसकट. माणसाला ‘नाही’ ऐकायचं दुःख नसतं. आपलं म्हणणं कुणी वाचलंच नाही याचं असतं. आमच्यातल्या एकीने आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी अर्ज केला असेल तो त्या वहीत, आणि त्याला लेखी उत्तर मिळालं. ती उत्तर बघायला मैत्रिणीला घेऊन आली होती.

वाचनालयाच्या बातम्या वर्तमानपत्रात येतात त्या वेगळ्या. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्यांचं जन्मगाव नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळे गर्दी होते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. पाहुणे येतात, दीपप्रज्वलन होतं, फोटोत पुढच्या रांगेत पदाधिकारी आणि तुम्ही माइकची वायर सरळ करताना अर्ध्या कापलेल्या. कार्यक्रम व्हावेत, माझा विरोध नाही. मुलांना तुम्ही भिलारला घेऊन गेलात ती सहल तर माझा मुलगा अजून सांगत असतो. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली. (त्याच्या सांगण्यात स्ट्रॉबेरी जास्त आणि पुस्तकं कमी असतात, पण असू दे.) तरीही १२ ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जन्मदिनी, ग्रंथपाल दिन असतो हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? त्या दिवशीही तुम्ही पावसाळ्यात ओल आलेल्या कपाटातली पुस्तकं काढून कसर झटकत बसला होता. मीच बघितलं. डोक्याला रुमाल आणि नाकाला पदर.

पैशाचं बोलू का? तुम्हाला आवडणार नाही, पण पत्र माझं आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग, आणि वर्गाप्रमाणे अनुदान. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली तेव्हा आम्ही पेढे मागितले होते, आणि तुम्ही हसून कागदावर भागाकार करून दाखवलात: पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, दुरुस्ती, आणि उरलेल्यात कर्मचारी. वेतनश्रेणीची मागणी राज्यातले ग्रंथालय कर्मचारी किती वर्षं करताहेत. माझ्या शिलाई मशीनवर काम करणारी मुलगी सणासुदीच्या महिन्यात जेवढं नेते, तेवढं तरी तुम्हाला महिन्याला मिळतं का, मला शंका आहे. अनुदानाचा हप्ता लांबला की पगार लांबतो, आणि तुम्ही मात्र दुपारी स्वतःच्या किल्लीने कुलूप उघडता. याला आम्ही ‘सेवाभाव’ म्हणून मोकळे होतो. मला तो शब्द आता बोलवत नाही. सभासदांनी वर्गणी वेळेवर भरावी, थकीत पुस्तकं परत करावीत, आणि पुढच्या वार्षिक सभेत पंख्याच्या आधी ग्रंथपालांच्या मानधनाचा विषय घ्यावा, एवढी माझी सूचना आहे. ती मी मागणीवहीतही लिहिली आहे. शेऱ्याची वाट बघते.

आता कामाचं. बाजारवाल्या बायकांसाठी कापडी पिशव्या शिवायचं ठरलं होतं, पावसात पुस्तकं भिजू नयेत म्हणून आतून मेणकापड लावून. पिशव्या झाल्या आहेत. मांजरपाट उरलाय तो मोडक्या बांधणीच्या पुस्तकांना लागेल, तोही आणते. त्या जुन्या शब्दकोशाची पाठ उसवली आहे ना, तो बाइंडरकडे पाठवू नका. जाड सुई आणि मेणाचा दोरा माझ्याकडे आहे, मला शिवून बघू द्या. आणि कटोरीच्या तक्त्यांच्या पानाचा कोपरा कुणीतरी दुमडून ठेवलाय. मी नाही. पण जिने ठेवलाय तिला माझ्या दुकानात पाठवून द्या, मला हाताखाली माणूस हवंय.

ताई, मनापासून आभार.

आपली,
बाजारपेठेतली ब्लाऊजवाली, सर्वसाधारण सभासद