रोबोकोडची स्पर्धा एका दुपारी उरकू नका

संपादक महोदय,

महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांचा हंगाम आला की लोखंडी यंत्रमानवांच्या झुंजीचे फलक लागतात आणि गर्दीही तिकडेच होते. त्याच महोत्सवात, वरच्या मजल्यावरच्या संगणक प्रयोगशाळेत, कधी कधी दुसरी एक लढत चाललेली असते. ती रोबोकोडची. तिथे पडद्यावर छोटे रणगाडे असतात आणि प्रत्येकाचा मेंदू म्हणजे विद्यार्थ्याने जावा भाषेत लिहिलेला प्रोग्राम. सामना सुरू झाल्यावर कीबोर्डला हात लावायचा नाही. आधी जे लिहिले असेल तेवढेच रणगाड्याला येते. प्रोग्रामिंग शिकवणारा इतका चांगला खेळ असताना अनेक ठिकाणी तो एका दुपारी, दहा फेऱ्यांत उरकला जातो. आयोजकांनी आणि संगणक विभागांनी यात बदल करावा, यासाठी हे पत्र.

रोबोकोड मॅथ्यू नेल्सन यांनी तयार केले. २००१ साली ते आयबीएमच्या अल्फावर्क्स या संकेतस्थळावरून लोकांसमोर आले आणि २००५ पासून त्याचा स्रोत (मूळ लिहिलेला प्रोग्राम, सोर्स कोड) सर्वांसाठी खुला आहे. पैसे पडत नाहीत, जावा बसवलेला जुना संगणकही चालतो आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेट लागत नाही. मोटारी, बॅटऱ्या आणि वेल्डिंगचा खर्च न झेपणाऱ्या तालुक्याच्या महाविद्यालयालाही ही स्पर्धा घेता येते.

मैदान ८०० बाय ६०० पिक्सेलचे, रणगाडा ३६ पिक्सेलचा, सुरुवातीची ऊर्जा १००. वेळ टिकमध्ये मोजतात, एक टिक म्हणजे खेळातली एक पाळी. गोळ्याची ताकद ०.१ ते ३ यांत आपण ठरवायची आणि खरा विचार इथूनच सुरू होतो. गोळ्याचा वेग २० वजा ताकदीची तिप्पट असतो. म्हणजे ३ ताकदीचा गोळा टिकला ११ पिक्सेल जातो, १ ताकदीचा १७. ताकद ३ असेल तर लागल्यावर शत्रूची १६ ऊर्जा जाते आणि आपल्याला ९ परत मिळते, पण तोफ इतकी तापते की पुढच्या गोळ्यासाठी १६ टिक थांबावे लागते. नवखा विद्यार्थी दिसेल तिथे ३ ताकदीने मारत सुटतो. शत्रू ४०० पिक्सेलवर असेल तर तो गोळा पोहोचायला सुमारे ३६ टिक लागतात. टिकला ८ पिक्सेल पळणारा शत्रू तेवढ्यात २९० पिक्सेल लांब गेलेला असतो. गोळा झाडताना त्याच्या ताकदीएवढी ऊर्जा जातेच, म्हणून असे ३३ गोळे हुकले की ऊर्जा जेमतेम १ उरते, पुढच्या गोळ्यात तीही संपते आणि रणगाडा जागीच बसतो. लांबून १ ची ताकद आणि १५० पिक्सेलच्या आत ३, एवढी एक अट घातली तरी निकालात फरक दिसतो. ती अट का घातली हे विद्यार्थ्याला सांगता आले, तर वेग, अंतर आणि वेळ यांचे गणित त्याला कळले असे समजावे.

सगळ्यांत जास्त मुले अडकतात ती कोनात. शाळेत कोन आडव्या अक्षापासून, घड्याळाच्या उलट दिशेने मोजायला शिकवतात. रोबोकोडमध्ये शून्य अंश म्हणजे उत्तर, आणि कोन घड्याळाच्या दिशेने वाढतो. त्यामुळे कोन काढणारे एटॅन२ हे फंक्शन वापरताना आधी क्ष मधला फरक द्यावा लागतो, मग य मधला. सवयीने उलट दिले की तोफ भलतीकडे वळते आणि चूक दोन दिवस सापडत नाही. दुसरी चूक अशी की शत्रूचा कोन मिळतो तो रणगाड्याच्या तोंडापासून, तोफेपासून नव्हे. धडाची दिशा अधिक शत्रूचा कोन वजा तोफेची दिशा, असा हिशेब करायचा आणि आलेले उत्तर उणे १८० ते अधिक १८० मध्ये आणायचे. ही शेवटची पायरी राहिली की डावीकडे १० अंश वळायच्या ऐवजी तोफ उजवीकडे ३५० अंश फिरते. तोफ टिकला २० अंशच वळते, म्हणून एका टिकच्या कामाला १८ टिक जातात.

शत्रू शोधणाऱ्या रडारचेही तसेच. ते टिकला ४५ अंश फिरते, म्हणजे पूर्ण गिरकीला ८ टिक. तेवढ्यात शत्रू ६४ पिक्सेल सरकलेला असतो, म्हणजे स्वतःच्या जवळजवळ दुप्पट रुंदीएवढा. म्हणून शत्रू दिसला की गिरक्या थांबवून रडार त्याच्यावरच मागेपुढे फिरवत ठेवायचे. त्यासाठी साध्या 'रोबोट' या वर्गावरून (क्लास, म्हणजे ज्यावर आपला रणगाडा बांधायचा तो तयार साचा) 'अ‍ॅडव्हान्स्डरोबोट' वर जावे लागते, कारण साध्या वर्गात एक हालचाल पूर्ण झाल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. वर जाताना मात्र दोन गोष्टी शिक्षकांनी आधीच सांगाव्यात. ठरवलेल्या हालचाली अमलात आणणारी एक्झिक्यूट ही आज्ञा विसरली की रणगाडा हलत नाही. आणि या वर्गात भिंतीला धडकल्यास ऊर्जा जाते, पूर्ण वेगात ३.

आता आयोजकांसाठी. दहा फेऱ्यांचा निकाल म्हणजे बराचसा नशिबाचा खेळ, कारण दर फेरीत जागा नव्याने ठरतात. रोबोरंबल या जगभरच्या क्रमवारीत प्रत्येक लढत ३५ फेऱ्यांची असते. आपल्याकडे निदान तेवढ्या तरी घ्याव्यात. खिडकी लहान करून ठेवली की फेऱ्या भराभर होतात. प्रेक्षकांसाठी फक्त अंतिम सामना सावकाश दाखवावा. सगळ्या लढती एकाच संगणकावर, दुसरे काहीही न चालवता घ्याव्यात. एका टिकमध्ये विचाराला ठरावीकच वेळ मिळतो. मागे विषाणूतपासणी चालू असेल तर चांगला लिहिलेला रणगाडाही पाळी चुकवतो आणि मुलांना वाटते आपलाच प्रोग्राम चुकला. म्हणून सुरुवातीला पर्यायांच्या यादीतून संगणकाचा वेग पुन्हा मोजून घ्यावा. अमेरिकेतील एमआयटीमध्ये जानेवारीत होणाऱ्या बॅटलकोड स्पर्धेत यावर चांगला तोडगा आहे. तिथे वेळेऐवजी दर पाळीचे बाइटकोड, म्हणजे प्रोग्रामने चालवलेल्या बारीक सूचना, मोजतात, त्यामुळे यंत्र मंद असले तरी कोणावर अन्याय होत नाही.

जावाची आवृत्ती आधी जाहीर करावी. घरच्या नव्या आवृत्तीत बांधलेला रणगाडा प्रयोगशाळेतल्या जुन्या आवृत्तीवर उघडतच नाही आणि ऐन स्पर्धेच्या सकाळी रडारड होते. चाचणीसाठी एक दिवस राखून ठेवला की हा प्रश्न उरत नाही.

नकलेचा प्रश्न याहून मोठा आहे. 'डायमंड', 'ड्रसजीटी' असे जगातले अव्वल रणगाडे स्रोतासकट कोणालाही मिळतात. त्यातला एक नाव बदलून आणला की पहिले बक्षीस ठरलेले, आणि पंधरा दिवस राबलेली मुलगी तिसऱ्या फेरीत बाहेर. हे थांबवायला यंत्रणा लागत नाही, दहा मिनिटांची तोंडी परीक्षा पुरते. स्रोत जमा करून घ्यावा आणि समोर बसवून एक छोटा बदल करायला सांगावा. उदाहरणार्थ, शत्रूने गोळा झाडला की दिशा बदल. शत्रूचा गोळा दिसत नाही, पण झाडताना त्याची ऊर्जा ०.१ ते ३ ने उतरते. मागची ऊर्जा आठवणीत ठेवायची, वजाबाकी करायची. आपलाच कमी ताकदीचा गोळा लागूनही तेवढीच घट होऊ शकते, ती वगळायची. स्वतः लिहिणारा विद्यार्थी हे पाच-सात ओळींत करतो. उचलून आणणाऱ्याला कुठल्या फाइलमध्ये हात घालायचा तेच कळत नाही.

मुदत दोन आठवड्यांची असावी. रोबोकोडसोबत नमुन्याचे रणगाडे येतातच. पहिल्या दोन दिवसांत जागचा न हलणारा 'सिटिंगडक' पाडायचा, पहिला आठवडा संपेपर्यंत भिंतीच्या कडेने फिरणारा 'वॉल्स' हरवायचा, आणि उरलेले दिवस एकमेकांशी सराव. 'वॉल्स' पहिल्या वर्षाच्या मुलांना चांगलाच घाम फोडतो. फेऱ्यांमधून शिकणारा रणगाडा लिहायला घेतला की तिसऱ्या वर्षाची मुलेही अडतात, कारण दर फेरीत रणगाड्याची वस्तू (ऑब्जेक्ट) नव्याने तयार होते आणि साठवलेले पुसले जाते. माहिती स्टॅटिक, म्हणजे त्या वस्तूत न ठेवता वर्गाच्या नावावर ठेवली तरच ती पुढच्या फेरीत टिकते. स्टॅटिक म्हणजे काय हे फळ्यावर चार वेळा लिहूनही डोक्यात शिरत नाही, ते इथे एका हरलेल्या सामन्यात शिरते.

बक्षीस समारंभानंतर सर्व रणगाड्यांचे स्रोत विभागाच्या संगणकावर ठेवावेत, आणि यंदाचा विजेता पुढच्या वर्षी पहिल्या फेरीतला प्रतिस्पर्धी म्हणून उतरवावा.

आपला,
एक संगणकशास्त्र शिक्षक, सांगली